रंकाळ्यावर बूट, तालमीत अनवाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३, वजन ८६ किलो, काम बँकेत बसून. चार महिन्यांपासून सकाळी रंकाळ्याला चालणं आणि मधेमधे पळणं. महिन्याभरापासून उजवा गुडघा दुखतोय. बुटांच्या दुकानात यंत्रावर उभं करून ‘तळवे सपाट आहेत’ असं सांगितलं आणि अकरा हजारांचे बूट गळ्यात मारले. मैदानावरची मित्रमंडळी म्हणतात, ‘बूट टाक पंचगंगेत. आपल्या पैलवानांनी कधी बूट घातलं होतं काय?’ तर बूट ठेवायचे की अनवाणी पळायचं?

मी कोल्हापुरात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते. वडील तालमीतले, त्यामुळे पैलवानांचे पाय लहानपणापासून बघितलेत, आणि हा पैलवानांचा दाखलाही हजारदा ऐकलाय. तिथूनच सुरू करू.

पैलवान अनवाणी असतो हे खरं, पण तो उभा कशावर असतो? तालमीतली लाल माती चाळलेली असते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घातलेलं असतं आणि रोज पहाटे पोरं ती खोऱ्यानं उकरून भुसभुशीत करतात. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो. त्यात पैलवान आठ-दहा वर्षांचा असल्यापासून त्या मातीत असतो. त्याच्या तळव्याची कातडी, पोटरी, पायाची हाडं मातीबरोबर वाढलेली असतात. रंकाळ्याच्या काठाची फरशी म्हणजे तालमीचा हौदा नव्हे आणि बँकेच्या खुर्चीवर वीस वर्षं बसलेला पाय म्हणजे पैलवानाचा पाय नव्हे. शिवाय तोच पैलवान मॅटवर उतरला की घोटा झाकणारे बूट घालतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत ते घालावेच लागतात. म्हणजे ज्यांचा दाखला दिला जातो त्यांनाही जमीन बदलली की पायताण बदलावं लागतं.

दुसरा ठरलेला दाखला अबेबे बिकिलाचा. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाचा हा गडी मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. गोष्ट इथंच संपवली जाते. पुढची अशी की मिळालेले बूट त्याला नीट बसत नव्हते आणि अनवाणी पळायचा सराव त्याला आधीपासून होता, म्हणून तो तसा पळाला. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पळाला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. माणूस तोच आणि दोन्ही वेळा सोनं. मला त्यातून एवढंच कळतं की तो पायात काय आहे यावर जिंकत नव्हता.

आता तुमच्या गुडघ्याकडे येऊ.

पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार जमिनीकडून परत येतो. तुमच्या बाबतीत हा आकडा दोनशे किलोच्या वर जातो. हळू पळणाऱ्याची किलोमीटरला बाराशे-तेराशे पावलं पडतात. हा भार कुठं तरी झेलावाच लागतो. जाड गादीच्या बुटात बहुतेक माणसं टाच आधी टेकवतात, पाय शरीराच्या बराच पुढं पडतो आणि झेलण्याचं काम मुख्यतः गुडघा आणि मांडी करते. बूट काढून कडक जमिनीवर पळायला लावलं की टाचेला ठणका बसतो, म्हणून बरेच जण आपोआप पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि पावलं आखूड होतात. गुडघ्यावरचा ताण थोडा कमी होतो. मग तो जातो कुठं? पोटरीत, टाचेमागच्या जाड शिरेत (शीर म्हणजे इथं रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी) आणि पावलाच्या मधल्या बारीक हाडांमध्ये. भार कमी झालेला नसतो, त्यानं फक्त घर बदललेलं असतं. अख्ख्या वादातली ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचं सोपं जातं.

म्हणजे तुमचे मित्र अर्धे बरोबर आहेत. अनवाणी पळून तुमचा गुडघा कदाचित बरा वाटेलही. आणि सहा आठवड्यांनी तुम्ही टाच धरून माझ्याकडे याल.

हे मी हवेत बोलत नाही. दर वर्षी दसरा झाला की पुढच्या दोन आठवड्यांत माझ्याकडे टाचदुखीचे पेशंट ठळकपणे वाढतात. कारण तुम्हाला माहीत आहे: नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत. घटस्थापनेपासून नऊ दिवस पायात काही घालायचं नाही, पहाटे अंबाबाईला जायचं, ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीला, कुणी जोतिबाच्या डोंगराला. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझी आईही करायची. पण दुखणं घेऊन येतं कोण, ते बघा. शेतात जन्म काढलेली, वर्षभर बांधावर अनवाणी फिरणारी बाई कधी येत नाही. येतात ते वर्षभर मऊ स्पोर्ट्स शूज किंवा घरात स्पंजची स्लीपर घालणारे, जे घटस्थापनेच्या सकाळी एकदम शून्यावर येतात आणि डांबरावर रोज चार-पाच किलोमीटर चालतात. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा मारल्यासारखी कळ, दहा पावलांनी जरा बरं, संध्याकाळी पुन्हा. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जो जाड पट्टा असतो तो कावलेला असतो. बरा व्हायला महिने लागतात.

एक शिक्षिका दसऱ्यानंतर लंगडत आल्या होत्या. त्यांना टाचदुखी नव्हती. पावलाच्या वरच्या बाजूला दुसऱ्या बोटाच्या मागं सूज होती आणि एका बोटानं दाबलं तरी ओरडत होत्या. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, तीन आठवड्यांनी काढलेल्यात हाडाला बारीक चीर गेलेली आणि भोवती नवं हाड धरलेलं दिसलं. पडल्या नव्हत्या, मार लागला नव्हता. नऊ दिवस चालणं, एवढंच.

हाडाचं असंच असतं. कातडी दोन-तीन आठवड्यांत जाड होते, पोटरीचे स्नायू दोन महिन्यांत तयार होतात, पण हाड आणि शिरा यांना कित्येक महिने लागतात. कातडी आणि स्नायू तयार झाले की माणसाला वाटतं जमलं, आणि तो अंतर वाढवतो. नेमकं तेव्हाच हाड सगळ्यात नाजूक अवस्थेत असतं, कारण नव्या ताणाला जुळवून घेताना ते आधी थोडं पोखरलं जातं आणि मग भरून येतं.

२०१३ मध्ये अमेरिकेत याचा एक छोटा पण बोलका अभ्यास झाला. नेहमी साध्या बुटात पळणारे ३६ जण घेतले. त्यातल्या १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या मोज्यासारख्या पातळ बुटांवर आणलं. एमआरआय काढला तेव्हा त्या १९ पैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत ताणाची सूज वाढलेली होती. साध्या बुटातल्या १७ जणांमध्ये असा एकच निघाला. आणि ‘हळूहळू’ म्हणजे त्यांना कंपनीच्या सूचनेप्रमाणेच बदल करायला सांगितलं होतं. तशा पातळ बुटांमुळे पाय मजबूत होतात, दुखापती टळतात अशी जाहिरात करणाऱ्या व्हायब्रम कंपनीनं पुढं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या खटल्यात साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली.

‘पण हार्वर्डनं सिद्ध केलंय’ असं म्हणणारा एक तरी प्रत्येक मैदानावर असतो. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांच्या चमूनं दाखवलं की जन्मापासून अनवाणी पळणारे लोक पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि टाच आपटल्याचा जो पहिला तीव्र धक्का असतो तो त्यांच्यात जवळपास नसतो. अभ्यास चांगला आहे, मी अनेकदा वाचलाय. पण त्यात धक्का मोजला होता, दुखापती मोजल्या नव्हत्या. आणि तीनच वर्षांनी उत्तर केनियातल्या दासानाच लोकांवर पाहणी झाली. तेही अनवाणी वाढलेले. आपल्या सोयीच्या गतीनं पळताना त्यातले बहुतेक टाचेवरच उतरत होते! म्हणजे ‘निसर्गानं माणसाला असंच पळायला घडवलंय’ हे वाक्य मैदानावर बरं वाटतं, पण माणसं जमिनीप्रमाणे आणि गतीप्रमाणे पाऊल बदलतात.

आता दुकानाकडे. मित्रांवर टीका केली, म्हणजे मी बूटवाल्यांच्या बाजूची असं नाही.

‘तुमचे तळवे सपाट आहेत, तुम्हाला आधाराचाच बूट लागणार’ हे वाक्य ऐकून हजारो रुपये खर्च केलेले किती तरी लोक मला भेटतात. अमेरिकन सैन्यात भरती झालेल्यांच्या तळव्याचा आकार बघून एका गटाला त्याप्रमाणे बूट दिले आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतीत म्हणावा असा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये नव्यानं पळायला लागलेल्या ९२७ जणांना एकाच प्रकारचे साधे बूट दिले आणि वर्षभर बघितलं. पाय आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. २०२२ मध्ये बारा चाचण्या एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. त्यातही, अमुक प्रकारच्या बुटानं दुखापत टळते असं ठामपणे म्हणता येईल असा पुरावा निघाला नाही. यंत्रावर उभं राहिल्यावर दिसणारा रंगीत ठसा खोटा नसतो, पण त्यावरून बूट ठरवणं म्हणजे माणसाची उंची बघून जेवणाचा बेत ठरवण्यासारखं आहे.

तळवा सपाट असणं हा बहुतेकांत आजार नसतोच. घरी तपासा. भिंतीला हात लावून चवड्यावर उभे राहा. मागून कुणाला तरी बघायला सांगा. टाच आतल्या बाजूला वळली आणि तळव्याची कमान वर उठून दिसली तर तुमचा पाय लवचीक आहे, काळजी नको. चवड्यावर उभं राहूनही कमान येतच नसेल, किंवा एकच पाय चाळिशीनंतर नव्यानं सपाट होत चालला असेल आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर मात्र घोट्याच्या आतून जाणारी शीर ढिली पडत असू शकते. तेव्हा बूट बदलून भागत नाही, दाखवायला या.

सपाट तळव्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या शेजारचा एक अभ्यास सांगायलाच हवा. १९९२ मध्ये कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांची २३०० मुलं तपासली. पायात काही ना काही घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणारी सगळ्यात वर, चप्पल-सँडलवाली मधे, अनवाणी सगळ्यात खाली. म्हणून लहान मुलाला घरात आणि अंगणात अनवाणी खेळू द्या, यात मला शंका नाही. चालायला लागलेल्या पोराला कडक बूट घालून ‘सवय’ लावणाऱ्या आजी-आजोबांना मी हेच सांगते. पण हा अभ्यास वाढत्या पायाचा आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी बूट फेकल्यानं कमान परत उगवत नाही.

मग तुम्ही काय करायचं? आधी गुडघा शांत करा, मग हा वाद घाला.

चार आठवडे पळणं जवळजवळ बंद; चालणं चालू ठेवा, फक्त दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ देऊ नका. विकत घेतलेले बूट पायाला सुखाचे वाटत असतील तर तेच घाला, पैसे वाया गेले असं समजू नका. पुन्हा पळायला लागाल तेव्हा बूट तेच ठेवून पावलं आखूड आणि जलद टाका. सध्या मिनिटाला १५५ पडत असतील तर १६५ च्या आसपास आणा. मोबाइलवर टिकटिक वाजवणारं ॲप मिळतं, त्यावर पाय मोजा. अनवाणी पळण्यातून गुडघ्याला जो आराम मिळतो त्यातला बराचसा एवढ्यानंच मिळतो, हाडं पणाला न लावता. जोडीला बैठका. अर्ध्या, खुर्चीला टेकेपर्यंत, दिवसाआड १५ च्या तीन फेऱ्या. शंभर-दोनशे सपाट्या मारायच्या भरीला पडू नका. तुमच्या आजोबांनी मारल्या असतील. त्यांचं वजनही ८६ नसेल आणि तेही पंधरापासूनच सुरू झाले असतील.

यानंतरही अनवाणी पळायची हौस असेल तर माझी ना नाही. उलट, पायाला थोडं उघडं ठेवणं मला आवडतं. पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. त्यांना दिवसभर बंद डब्यात कोंबून ठेवलं तर आतले छोटे स्नायू आळसावतात. पण क्रम पाळा.

पहिला महिना फक्त घरात. दिवसातून अर्धा तास चप्पल न घालता वावर. त्यातच तीन गोष्टी: पायाची बोटं एकमेकांपासून फाकवणं (सुरुवातीला फाकणारच नाहीत, हसू येईल), बोटं न मुडपता तळव्याची कमान आखडून पाच मोजेपर्यंत धरणं, आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. एका पायावर न थांबता वीस वेळा टाच उचलता येईपर्यंत अनवाणी पळायचा विचारही नको. बहुतेकांचे दहाव्या वेळेला पाय थरथरतात. ज्या मित्रांनी सल्ला दिलाय त्यांना मैदानावरच करून बघायला सांगा, गंमत बघा.

दुसऱ्या महिन्यात मऊ जमिनीवर अनवाणी चालणं. गवत किंवा मातीचं मैदान, दिवसाआड दहा मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. आधी त्या जमिनीवरून बूट घालून एक चक्कर मारून नजर टाका. आपल्या मैदानांवर रात्री काय काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, बाटलीची काच मातीत उभी रुतलेली असते. बाभळीचा काटा तर बुटाच्या तळातूनही येतो.

तिसऱ्या महिन्यात नेहमीचं चालणं-पळणं बुटात करून झालं की शेवटी बूट काढून दोनशे मीटर पळा. बस. आठवड्यातून दोनदा. पोटरी दुसऱ्या दिवशी भरून आली तर हरकत नाही, दोन दिवसांत उतरली पाहिजे. पण सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखली, किंवा पावलाच्या वरच्या बाजूला बोटानं दाबून एकाच ठिकाणी दुखलं, तर तिथंच थांबायचं. ‘चालवून मोकळं करू’ हा पोटरीचा उपाय आहे, हाडाचा नाही. अशा चालीनं एक-दोन किलोमीटर अनवाणी पळायला सहा महिने तरी लागतात. माझ्याकडचे जे दोघं-तिघं खरोखर अनवाणी पळणारे झाले त्यांना वर्ष लागलं. आणि तेही आठवड्यातले दोनच दिवस अनवाणी असतात, लांब अंतर बुटातच.

काही जणांनी मात्र हा प्रयोग मुळीच करू नये, आणि इथं मी फार कडक आहे. दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर घरातसुद्धा अनवाणी नको. एका गृहस्थांनी ऑक्टोबरच्या उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातल्या. फोड आले, कळलंच नाही. बायकोनं मोज्यावर डाग बघितला तेव्हा चार दिवस झाले होते. बोट वाचवायला दोन महिने गेले. एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात, दोन मिनिटांचं काम आहे. मधुमेह असलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा ते करून घ्यावं, पळो अथवा न पळो. पायाच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतील, कुष्ठरोग होऊन गेला असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, त्यांनीही या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्यात तर कुणीच नको. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जमीन दिसते कुठं? चिखलाखालची काच दिसत नाही, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि ओल्या घाणेरड्या मातीतून आकडीकृमीची पिल्लं थेट कातडीतून आत शिरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर अनवाणी मैदानात उतरण्याआधी घ्या.

‘मग कोल्हापुरी घालून चाललो तर? ती म्हणजे अनवाणीच की.’ हे मला दर महिन्याला कुणी तरी विचारतंच. कोल्हापुरी सपाट असते, तिच्यात गादी नसते, टाच आणि चवडा एकाच पातळीत राहतात, हे खरं. पण मागं पट्टा नसतो, त्यामुळे ती पायात ठेवायला अंगठा आणि बोटं सतत आवळून धरावी लागतात. बाजारात फिरायला, कार्याला मिरवायला उत्तम. हळूहळू सवय केली तर पायाला तो एक व्यायामच आहे. पळायला नाही, आणि टाच आधीच दुखत असेल तर काही दिवस खुंटीला. आपल्याला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ते चपलेच्या कारागिरीला, रनिंग शूला नव्हे!

पळण्याशिवाय बाकीचं झटपट सांगते. योगासनं, सूर्यनमस्कार, तालमीतले जोर-बैठका: अनवाणीच. जिममध्ये खांद्यावर वजन घेऊन बैठका किंवा जमिनीवरून वजन उचलणं: पळायचे गुबगुबीत बूट नकोत, स्पंजवर उभं राहून वजन उचलताना घोटा डगमगतो, सपाट कडक तळाचे साधे बूट बरे. अनवाणी उचलत असाल तर प्लेट पायावर पडणार नाही एवढं बघा, कारण पडते. बॅडमिंटनला पळायचे बूट अजिबात नकोत. उंच तळावरून बाजूला झेप घेतली की घोटा मुरगळतो. रविवारी बॅडमिंटन आणि सोमवारी सुजलेला घोटा ही जोडी माझ्या ओळखीची आहे. पन्हाळा ते पावनखिंड पावसाळी मोहिमेला जाणार असाल तर खोल खाचांचा, आधी महिनाभर वापरलेला बूट.

फुटबॉलची तर या गावात कुणाला शिकवण नको. तरी एक आठवण देते: १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळले आणि २-१ असे थोडक्यात हरले. आपण ती गोष्ट अभिमानानं सांगतो. चारच वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं दहा गोल घातले आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. शाहू स्टेडियमवर पेठांची पोरं स्टड घालून भिडतात तेव्हा अनवाणी पायानं मधे जायची हिंमत मित्रांपैकी कुणाची आहे ते विचारा.

पुढचा बूट घ्यायची वेळ येईल तेव्हा संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. ज्या मोज्यात पळता तेच घाला. उभं राहून सगळ्यात लांब बोटाच्या पुढं अंगठ्याएवढी जागा हवी, आणि सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही. आत बोटं फाकवता आली पाहिजेत. दुकानातच दोन मिनिटं पळून बघा, मालक काय म्हणेल याची लाज नको. पहिल्या पावलापासून सुखाचा वाटला तोच तुमचा. ‘घालून घालून सैल होईल’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. तीन-चार हजारांत काम भागतं. पोटरी आणि टाचेमागची शीर आखडलेली असेल तर टाचेकडे आठ-दहा मिलिमीटर उंच असलेला बूट सोपा जातो. एकदम सपाट तळाच्या बुटावर उडी म्हणजे अर्धं अनवाणी होणंच आहे, त्याला वरचाच क्रम लागू. जमलं तर दोन वेगवेगळे जोड आलटून पालटून वापरा. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर झालेल्या पाहणीत असं करणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या होत्या. बहुधा पावलावर रोज एकाच ठिकाणी ताण येत नाही म्हणून.

तुमचा अकरा हजारांचा जोड ५०० ते ८०० किलोमीटर चालेल. आठवड्याला बारा किलोमीटर धरले तर साधारण दहा महिने ते सव्वा वर्ष. बहुतेक जण वरचं कापड फाटेपर्यंत थांबतात, पण आतली गादी त्याच्या कितीतरी आधी बसलेली असते. म्हणून बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला आजच पेननं तारीख घाला. सहा आठवड्यांनी गुडघा दाखवायला याल तेव्हा तेच बूट घालून या. तळ कुठं झिजलाय ते मला बघायचंय.